सोळाशे पंच्याण्णवचे रहिवासी

बॉस्टनजवळच्या श्रूजबरीत काका आणि आम्ही तेरा वर्षं शेजारी होतो. या तेरा वर्षांत त्यांनी चालू वर्षाबद्दल एकदाही मत दिलं नाही. निवडणूक, साथ, घरांच्या किमती, क्रिकेटचा सामना, काहीही विषय निघाला की ते चहाचा कप खाली ठेवायचे आणि विचारायचे, "हे कधीचं?"

"यंदाचं, काका."

"मग अजून कच्चं आहे. तीनशे वर्षं राहू दे, मग बोलू."

त्यांचं वर्ष सोळाशे पंच्याण्णव होतं. सतराव्या शतकाशी त्यांना कर्तव्य नव्हतं. चौऱ्याण्णवमध्ये काय झालं असं कुणी विचारलं तर "ते माझ्याकडे नाही" असं सांगायचे, टपाल कचेरीतला माणूस शेजारच्या खिडकीकडे बोट दाखवतो त्या सुरात. शहाण्णवबद्दलही तेच.

पेशाने ते कॅलिब्रेशनवाले. वूस्टरजवळच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं प्रेशर गेज तपासले. गेजचा काटा खरं बोलतो की नाही हे ठरवायचं, सही करायची, पुढचा घ्यायचा. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात कायम सहा इंची पट्टी. मधेच उठून ते भिंतीवरच्या तसबिरी सरळ करायचे. स्वतःच्या घरी नव्हे, पाहुणे म्हणून गेलेल्या घरी.

माझी त्यांच्याशी ओळख एका लिफाफ्यामुळे झाली. मी नागपूरच्या एका दैनिकात नऊ वर्षं उपसंपादक होते. नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आले आणि तीन महिन्यांत मराठी मंडळाचं वार्तापत्र माझ्या गळ्यात पडलं. पहिल्याच डिसेंबरात दारावर टकटक झाली. बाहेर काका, बर्फाचे बूट, हातात लिफाफा.

"तुम्ही संपादक ना? आढावा आणलाय."

"कशाचा?"

"सरत्या वर्षाचा."

मी उघडून पाहिला. आठ पानं, सुवाच्य अक्षर. मार्चमध्ये इंग्लंडच्या राणीची अंत्ययात्रा. वसंतात इंग्लंडातला छापखान्यांवरचा परवान्याचा कायदा मुदत संपून गेला, कुणी नवा केला नाही. ऑगस्टमध्ये फ्रेंच तोफांनी ब्रसेल्स जाळलं. सप्टेंबरमध्ये सुरतेजवळ बादशहाचं जहाज एका इंग्रज चाच्याने लुटलं आणि सुरतेतले बाकीचे इंग्रज त्यापायी कैदेत पडले.

"काका, हे वर्ष सरून तीनशे वर्षं झाली."

"म्हणजे नक्की सरलंय. तुमचं यंदाचं अजून चार दिवस बाकी आहे आणि तुम्ही छापायला निघालात. उद्या काही झालं तर काय कराल?"

वृत्तपत्रात असताना दर डिसेंबरला मला हीच भीती वाटायची, आणि तिच्यावर आमच्याकडे काही उपाय नव्हता. मी आढावा घेतला, आठ पानांची दोन केली आणि छापला. पुढे दर डिसेंबरला तो येत राहिला. वर्ष तेच, मजकूर मात्र दरवेळी थोडा वेगळा, कारण बारा महिन्यांत त्यांना सोळाशे पंच्याण्णवबद्दल नवं काही कळलेलं असायचं. एकदा त्यांनी वर लिहिलं होतं, "हे वर्ष गेल्या वर्षापेक्षा बरं गेलं."

हेच वर्ष का, याची मला तीन उत्तरं मिळाली. मंडळाच्या अध्यक्षांना त्यांनी सांगितलं होतं की अख्खा इतिहास कुणालाच झेपत नाही, म्हणून माणसाने एक वर्ष घ्यावं आणि नीट करावं. माझ्या नवऱ्याला सांगितलं की लोक जग फिरतात आणि कुठेच राहत नाहीत, मी एका वर्षात राहतो. तिसरं उत्तर काकूंचं. ते मला सर्वांत विश्वसनीय वाटतं.

"ह्यांना काय विचारतेस," काकू म्हणाल्या. "रिटायर झाले त्या आठवड्यात लायब्ररीच्या जुन्या पुस्तकांतून एक फाटकं पुस्तक उचलून आणलं. पुढची दोनशे पानं गायब. उरलेलं पंच्याण्णवपासून सुरू होत होतं."

"मग शहाण्णव का नाही घेतलं?"

"मागचीही गायब होती."

काकूंबद्दल इथेच सांगितलं पाहिजे. गोऱ्या, ठेंगण्या, दोन्ही गुडघे दुखणाऱ्या, आणि नवऱ्याचं कुठलंही वाक्य पूर्ण होण्याआधी त्याला उत्तर तयार असलेल्या. शाळेच्या कॅफेटेरियात त्यांनी बावीस वर्षं काम केलं होतं. सहाशे मुलांना वीस मिनिटांत जेवू घालणाऱ्या बाईला एका माणसाच्या विक्षिप्तपणाचं फारसं ओझं होत नाही.

त्या घरात वर्षातून तीन सुतकं असत. तेरा एप्रिलला प्राण्यांच्या गोष्टी लिहिणारा एक फ्रेंच कवी वारला होता, आठ जुलैला शनीची कडी ओळखणारा डच शास्त्रज्ञ, आणि एकवीस नोव्हेंबरला एक इंग्रज संगीतकार. या संगीतकाराचं काकांना विशेष होतं. त्याने मार्चमध्ये राणीच्या अंत्यविधीसाठी संगीत रचलं आणि नोव्हेंबरात त्याच्याच अंत्यविधीला ते वाजवलं गेलं. "एका वर्षात वापर झाला," काका म्हणत, "वाया गेलं नाही." या तीन दिवशी ते गोड खात नसत. एकदा आठ जुलैला मी पेढे घेऊन गेले तर काकूंनी दारातच डबा घेतला.

"आज नको दाखवूस. शनीवाले गेलेत."

"कितवं वर्ष हे?"

"ते मोजत नाहीत. दरवर्षी आत्ताच गेले असं असतं."

संक्रांतीच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून पदार्थ आणायच्या जेवणाला, त्यांच्याशेजारी बसायला लोक बिचकायचे, कारण ते नव्या माणसाला त्याच्या उपयोगाची नोंद काढून द्यायचे. पुण्याहून कंपनीच्या व्हिसावर आलेला एक तरुण एकदा तिळाच्या वड्या खात त्यांच्या तावडीत सापडला. हे संभाषण मी समोर बसून ऐकलं आहे.

"वय?"

"एकोणतीस, काका."

"लग्न?"

"बघतायत घरचे. ऑनसाइट आहे म्हटल्यावर मुली कन्फ्यूज होतात यार... सॉरी, काका."

"इंग्लंडात असतात तर एक मेपासून तुमच्यावर कर बसला असता. पंचवीसच्या वरच्या अविवाहित पुरुषांवर. सोळाशे पंच्याण्णवचा कायदा."

तरुणाने वडी संपवली. "काका, इथेही बसतो की. मी सिंगल म्हणून टॅक्स फाइल करतो. माझा रूममेट मॅरिड आहे, त्याचा बघा किती कमी जातो."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "संपादक, नोंद घ्या. कायदा अजून चालू आहे."

आता भिंत.

त्यांच्या बेसमेंटमध्ये, वॉशिंग मशीनच्या उजव्या हाताला, एका पूर्ण भिंतीवर तीनशे पासष्ट कागदी खिसे चिकटवलेले होते. लायब्ररीच्या जुन्या पुस्तकांच्या मागच्या पानाला कार्ड ठेवायला असायचे, तसे. बारा ओळी, महिन्याला एक. प्रत्येक खिशावर तारीख, प्रत्येक खिशात एक कार्ड, प्रत्येक कार्डावर त्या दिवशी जगात कुठेतरी घडलेली एक गोष्ट आणि ती कुठे वाचली ते. दिवसाला एकच कार्ड, असा दंडक. फक्त नोव्हेंबरात एका खिशात दोन होती. मराठ्यांनी दोड्डेरीच्या गढीत कोंडलेला मोगल सरदार तिथेच मेला, पण कुणी लिहिलं आहे विष घेऊन, कुणी लिहिलं आहे अफू न मिळाल्यामुळे. काकांनी दोन्ही कार्डं ठेवली होती. "मेला एकदाच," ते म्हणाले, "पण मी तिथे नव्हतो."

तारखांचा एक घोळ होता, तो सांगायला हवा. त्या काळी इंग्लंडचं कॅलेंडर फ्रान्सच्या दहा दिवस मागे चालायचं. म्हणजे एकाच दिवशी लंडनमध्ये एक तारीख आणि पॅरिसमध्ये दुसरी. काकांनी नियम केला होता: जिथे घडलं तिथली तारीख. हा नियम ते सगळीकडे लावत. शिकागोकडे राहणाऱ्या मुलीला फोन करताना तिथले वाजलेले तास सांगत, आपले नव्हे. दाताच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट चुकली की काकू म्हणत, "आता विचारतील, कुठल्या पद्धतीने गुरुवार."

श्रूजबरीची मात्र एकही नोंद भिंतीवर नव्हती. त्या वर्षी इथे गावच नव्हतं.

सगळं सुरळीत चाललं होतं ते शॉमबर्गमुळे अडलं. शॉमबर्ग इलिनॉयमध्ये, शिकागोच्या बाहेर. तिथे त्यांची एकुलती एक मुलगी राहते, दंतवैद्य आहे. तिला मूल झालं तेव्हा तिने आईवडिलांना सांगितलं की आमच्या गल्लीतच एक घर विकायला निघतंय, एकमजली, या. काकूंनी लगेच खोकी आणली. काकांनी सांगितलं, वर्ष पूर्ण झाल्याशिवाय मी भिंत सोडणार नाही. तेव्हा साठेक खिसे रिकामे होते. जेवणाच्या टेबलावर तह झाला: वर्ष भरलं की घर विकायचं. साक्षीदार म्हणून मी हजर होते. शेवया खात होते.

दोन वर्षांत एकोणसाठ खिसे भरले. एक राहिला. एकोणतीस एप्रिल.

तो चार वर्षं राहिला. डिसेंबरच्या आढाव्यात दरवर्षी ओळ यायची, "२९ एप्रिल : नोंद उपलब्ध नाही", आणि मी ती दरवर्षी छापायचे. शॉमबर्गमधलं ते घर दुसऱ्या कुणीतरी घेतलं. मग त्याच गल्लीत आणखी एक निघालं, तेही गेलं. काकूंचं घर उताराला होतं, गॅरेजपासून स्वयंपाकघरापर्यंत चौदा पायऱ्या. हिवाळ्यात त्या सामानाची पिशवी एकेका पायरीवर ठेवून मागून चढायच्या.

गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये एका दुपारी त्या माझ्याकडे आल्या. हातात डबा नव्हता, तेव्हाच मला कळलं की काम आहे.

"गल्लीत तिसरं घर निघतंय," त्या म्हणाल्या. "जूनमध्ये. हे शेवटचं. नात सात वर्षांची आहे. अजून चार वर्षांनी ती मला हाय म्हणून खोलीत जाईल आणि दार लावेल. मला ती चार वर्षं हवी आहेत."

"काकांना सांगितलंत?"

"त्यांना सांगून काय? ते म्हणतात, तह म्हणजे तह. अगं, तू पेपरवाली. एक दिवस शोधून दे मला."

"काकू, मी खोटी बातमी नाही देणार."

"खोटी कोण मागतंय? खोटी द्यायची असती तर मीच नसती लिहिली? खरी आण."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या लायब्ररीत गेले. माझा अंदाज होता की चार वर्षं शोधून न सापडलेली गोष्ट मलाही सापडणार नाही, आणि तसं प्रामाणिकपणे सांगता येईल. मला एक तास दहा मिनिटं लागली. स्थानिक इतिहासाच्या कपाटात, डोळ्यांच्या उंचीवर, बॉस्टनमधल्या त्या काळच्या एका न्यायाधीशाची रोजनिशी होती. छापील, सूचीसकट. एकोणतीस एप्रिल, सोळाशे पंच्याण्णव. सकाळी ऊन. दुपारी दोनच्या सुमाराला गारांचं वादळ. पिस्तुलाच्या गोळ्यांएवढ्या गारा. न्यायाधीशाने नुकतंच नवं घर बांधलं होतं, त्याच्या दर्शनी बाजूच्या चारशे ऐंशी काचा फुटल्या. त्याच दिवशी त्याच्याकडे एक धर्मोपदेशक आलेला होता. वीज धर्मोपदेशकांच्याच घरांवर जास्त का पडते, यात देवाचा काय हेतू असावा, असा विषय त्याने काढलेला होता.

मी पान दोनदा वाचलं. मग मला आनंद होण्याऐवजी संशय आला.

सोळाशे पंच्याण्णवमध्ये राहणारा माणूस, बॉस्टनपासून तासाभराच्या अंतरावर, आणि त्याला हे माहीत नाही? त्यांनी ब्राझीलच्या जंगलातल्या नोंदी काढल्या होत्या. रशियाच्या झारची फसलेली मोहीम त्यांच्याकडे आठवड्यागणिक होती. संध्याकाळी मी त्यांच्याकडे मंडळाच्या खुर्च्या परत करायच्या निमित्ताने गेले आणि काका वर चहा करत असताना खाली जाऊन कार्डं पाहिली. याच रोजनिशीतून घेतलेली चौदा कार्डं भिंतीवर होती. त्यातलं एक सत्तावीस एप्रिलच्या खिशातलं होतं. सत्तावीस वाचून एकोणतीस न वाचणं शक्य नाही. ते त्याच पानावर आहे.

काका चहा घेऊन खाली आले. दोन कप, एका कपाखाली बशी, ती माझ्यासाठी.

"काका, एकोणतीस एप्रिलला बॉस्टनला गारा पडल्या होत्या."

त्यांनी कप मशीनवर ठेवला. "कोण म्हणतं?"

"न्यायाधीश."

"एकच साक्षीदार."

"चौदा ठिकाणी चाललाय की तो एकटा."

ते भिंतीकडे वळले. नंतर पट्टी काढून एका खिशाची कड सरळ आहे का ते पाहिलं. ती सरळच होती.

"चारशे ऐंशी," ते म्हणाले. "आणि शेजाऱ्याच्या जवळपास तितक्याच. तुम्ही शेजाऱ्याचं वाचलं नसेल."

"वाचलं. कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"पहिल्या वर्षापासून."

मला पुढचा प्रश्न विचारावा लागला नाही. मुलाखतीत कधीकधी असं होतं, गप्प बसलं की समोरचा बोलतो.

"संपादक, कारखान्यात शेवटच्या वर्षी मला एक यादी दिली होती. दोनशे बारा गेज. मी म्हटलं, सहा महिन्यांत उरकतो. साडेचारात उरकले. यादी पूर्ण करून साहेबाच्या टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवशी केक. वर क्रीमने माझं नाव, तेही चुकीचं. तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी तयार होऊन स्वयंपाकघरात उभा. ही म्हणाली, बाजूला व्हा, मला झाडायचंय." त्यांनी चहाचा घोट घेतला. "शॉमबर्गला मुलगी आहे, नात आहे, सगळं आहे. मी तिथे कुठे उभा राहू?"

"म्हणून काकूंना चार वर्षं अडवून ठेवलंत?"

"एक दिवस ठेवला होता फक्त."

"चार वर्षं झाली त्याला," जिन्यावरून आवाज आला.

काकू पाचव्या पायरीवर उभ्या होत्या, कठडा धरून. त्या बेसमेंटमध्ये सहसा येत नसत. कपडे धुवायचं काम काकांकडे होतं.

"तुम्हाला ऐकू येतंय?" काकांनी विचारलं.

"मला माहीत होतं. तुमच्या वॉलेटमध्ये कार्ड आहे, लायसनच्या मागे. तुमची पँट मी ड्राय क्लीनला देते."

मी काकूंकडे पाहिलं. तक्रार माझीही होती. "मग मला का लायब्ररीत धाडलंत?"

"अगं, मी पकडलं असतं तर भांडण झालं असतं," काकू म्हणाल्या. "संपादकाने पकडलं की दुरुस्ती होते."

काकांनी वॉलेट काढलं. लायसनच्या मागून कार्ड बाहेर आलं, कडा मऊ झालेल्या, शाई फिकी. त्यांनी ते एकोणतीस एप्रिलच्या खिशात ठेवलं आणि दोन पावलं मागे सरले. मी घड्याळ पाहिलं, सवयीने. पाच वाजून वीस मिनिटं. वर्ष पूर्ण झालं होतं. सुमारे दहा सेकंद.

"एक आहे पण," काका म्हणाले.

काकूंनी डोळे मिटले.

"इंग्लंडात तेव्हा नवीन वर्ष पंचवीस मार्चला सुरू व्हायचं. आपल्या पाडव्यासारखंच. म्हणजे त्यांचं पंच्याण्णव पुढच्या चोवीस मार्चपर्यंत चाललं. नियमाप्रमाणे, जिथे घडलं तिथली तारीख. त्या हिशेबाने अजून चौऱ्याऐंशी दिवस..."

"मग पहिले तीन महिने कुणाचे?" काकू म्हणाल्या.

"कुठले?"

"हे. जानेवारी, फेब्रुवारी, मार्चच्या चोवीसपर्यंत. वरच्या तीन ओळींतले. इंग्लंडच्या हिशेबाने ते चौऱ्याण्णवचे झाले ना? आणि चौऱ्याण्णव तुमच्याकडे नाही, असं गावभर सांगता. काढून टाका."

काकांनी वरच्या ओळींकडे पाहिलं. पाच मार्चला राणीची अंत्ययात्रा होती. ती गेली तर संगीतकाराचं संगीत गेलं, आणि नोव्हेंबरातल्या वापराला काही अर्थ राहिला नाही. मी त्यांच्या चेहऱ्यावर हा हिशेब होताना पाहिला. त्याला फार वेळ लागला नाही.

"राहू दे," ते म्हणाले. "जानेवारी ते डिसेंबरच धरू."

"मग घरं विकणाऱ्या बाईला फोन करते," काकू म्हणाल्या, आणि पायऱ्या चढायला लागल्या. काका मागून गेले. त्यांचा हात काकूंच्या कोपराखाली होता, हे मी खालून पाहिलं.

वार्तापत्राच्या पुढच्या अंकात मी दुरुस्ती टाकली. मसुदा वृत्तपत्री पद्धतीचा होता: "२९ एप्रिल १६९५ ची नोंद उपलब्ध नसल्याचे या वार्तापत्रात चार वर्षे अनवधानाने प्रसिद्ध झाले." काकांनी तो वाचला, पट्टी ठेवून एक शब्द खोडला आणि परत दिला.

"अनवधानाने नव्हतं," ते म्हणाले.

त्या शब्दाशिवायच दुरुस्ती छापली.

घर मे महिन्यात विकलं गेलं. सामान भरायच्या दिवशी काका वकिलाकडे सह्या करायला गेले होते आणि भिंत माझ्याकडे सोपवली होती. खिसे पक्क्या गोंदाने चिकटवलेले, निघेनात. काढायला गेलं की भिंतीचा रंग येई आणि खिसा फाटे. म्हणून मी फक्त कार्डं काढत होते, महिन्याला एक रबरबँड. डिसेंबर काढून झाला तेव्हा काकू खाली आल्या. त्यांनी खुर्ची ओढली, गठ्ठे मांडीवर घेतले आणि एकेक रबरबँड काढून बाजूला ठेवायला लागल्या.

"काकू, काय करताय?"

त्यांनी जानेवारीत ऑगस्ट मिसळला. मग एप्रिल. रमी खेळणाऱ्या बाईचे हात होते, पत्ते सफाईने पिसले जात होते.

"काकू, कार्डांवर तारखा नाहीत. तारखा खिशांवर आहेत. खिसे इथेच राहणार."

"माहीत आहे."

"मग पुन्हा लावणार कसे?"

"ते बघतील ना." त्यांनी गठ्ठा दोन भागांत कापला आणि पुन्हा पिसला. "नाहीतर तिथे गेल्यावर सकाळी सातला तयार होऊन माझ्या स्वयंपाकघरात उभे राहतील. हे भरायला किती वर्षं लागली होती?"

"शेवटची चार सोडली तर दहा."

"मग बघ." त्यांनी कार्डं बुटांच्या खोक्यात ठेवली, झाकण लावलं आणि माझ्या हातात चिकटपट्टी दिली. "तू काही पाहिलं नाहीस."

मी पाहिलं होतं. नऊ वर्षांच्या नोकरीत आणि त्यानंतरही मी माहीत असलेली गोष्ट कधी दडवली नव्हती. खोक्यावर चिकटपट्टी मी लावली, चारही बाजूंनी.

ऑगस्टमध्ये शॉमबर्गहून फोन आला.

"संपादक, घोळ झालाय. मुव्हर्सनी खोकं पाडलं असणार. अख्खं वर्ष कालवलंय. तीनशे सहासष्ट कार्डं, एकावर तारीख नाही."

"अरेरे. आता?"

"आता काय. पहिल्यापासून. प्रत्येकावर पुस्तकाचं नाव आहे, ते पुस्तक मागवायचं, पान काढायचं, तारीख पुन्हा तपासायची. इथली लायब्ररी मोठी आहे, चौकशीच्या टेबलावर एक बाई बसते, ती आता मला बघून उभी राहते. आणि एक सांगतो, तपासताना तीन चुका सापडल्या. माझ्याच. बरं झालं पडलं ते."

"किती लागली?"

"बारा."

मागून काकूंचा आवाज आला, चपला घालता घालता बोलावं तसा. "होऊ द्या सावकाश. मी नातीला शाळेतून घेऊन येते. चालतच जाते, सगळं सपाट आहे इथे."

दार लागल्याचं ऐकू आलं. काका तेराव्या कार्डाबद्दल सांगत होते.